एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो : एकाच रचनेची तीन रेकॉर्डिंग्ज शेजारी ठेवून कशी ऐकायची

जवळपास वर्षभर मी एका मित्राशी हिरिरीने भांडत होतो. विषय एकच : जॅकलिन दु प्रे या इंग्लिश चेलोवादिकेने १९६५ साली वाजवलेला, एल्गार या इंग्लिश रचनाकाराचा चेलो कॉन्चेर्टो, म्हणजे एक चेलो आणि त्याच्या साथीला अख्खा ऑर्केस्ट्रा अशी रचना. मी म्हणायचो, बाई फार रेंगाळते. तो म्हणायचा, छे, कुठे रेंगाळते? शेवटी एका रविवारी दोघांनी आपापल्या फाइली शेजारी लावल्या, आणि माझ्या फाइलीत, अगदी हळुवार जागी, कुणीतरी खोकलं. स्टुडिओसारख्या रिकाम्या हॉलमध्ये केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये खोकणार कोण? माझ्याकडे होतं ते वाजवणं तिचंच, पण पाच वर्षांनंतरचं, फिलाडेल्फियातल्या मैफलीतलं. फाइलीला नाव चुकीचं दिलेलं, आणि मी ते कधी तपासलंच नव्हतं. म्हणजे वर्षभर आम्ही दोघंही बरोबरच बोलत होतो, फक्त वेगवेगळ्या रेकॉर्डिंगबद्दल.

हा लेख त्या वर्षाची भरपाई आहे. रागसंगीत ऐकत वाढलेल्या माणसाला पाश्चात्त्य अभिजात संगीताची गोडी लागली की लवकरच एक कोडं पडतं. दोन गायक एकच यमन गातात तेव्हा दोघांचं गाणं वेगळं होणारच, कारण बढत ज्याची त्याची. पण इथे तर प्रत्येक सूर रचनाकाराने कागदावर लिहून ठेवलेला आहे. मग एकाच रचनेची पन्नास रेकॉर्डिंग्ज कशासाठी? फरक असतो, आणि भरपूर असतो. फक्त तो कुठे शोधायचा हे आधी कुणी सांगत नाही.

आधी हाताशी काय हवं

- बरे हेडफोन, शक्यतो कान पूर्ण झाकणारे. लोकलमध्ये ही तुलना होत नाही. ठाणे ते दादर प्रवासात या रचनेतला व्हायोलांचा (व्हायोलिनपेक्षा थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) भाग मला कधीच ऐकू आलेला नाही.
- एखादं स्ट्रीमिंग अ‍ॅप, किंवा सीडी असतील तर उत्तमच.
- स्कोअर, म्हणजे रचनेची छापील स्वरलिपी. एल्गार १९३४ साली गेला, त्याच्या रचनांवरचे हक्क आता संपलेत, त्यामुळे आयएमएसएलपी या संकेतस्थळावर स्कोअर फुकट मिळतो. स्टाफ नोटेशन वाचता येत नसलं तरी उतरवून घ्या. कुठे एकटा चेलो आहे आणि कुठे पान काळंभोर भरलंय, एवढं डोळ्यांना दिसतंच.
- एक वही आणि घड्याळ.
- घरातलं एक सहनशील माणूस. कशाला, ते सहाव्या पायरीवर सांगतो.

१. पहिला सराव तीन मिनिटांचा : 'निमरॉड'

थेट अर्ध्या तासाच्या रचनेला हात घालू नका. एल्गारच्या १८९९ सालच्या 'एनिग्मा व्हेरिएशन्स'मध्ये एका मूळ सुरावटीची चौदा रूपं आहेत, बहुतेक एकेका मित्राचं शब्दचित्र असावं तशी. त्यातलं नववं 'निमरॉड'. हा मित्र म्हणजे ऑगस्टस येगर, एल्गारच्या प्रकाशनसंस्थेतला. जर्मनमध्ये येगर म्हणजे शिकारी, आणि बायबलमधला शिकारी निमरॉड, म्हणून हे नाव. २०१२ सालच्या लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनातही ही सुरावट होती, त्यामुळे ऐकताच ओळखीची वाटेल.

आता दोनच रेकॉर्डिंग्ज लावा. एक खुद्द एल्गारने १९२६ साली कंडक्टर म्हणून (ऑर्केस्ट्रासमोर उभा राहून त्याची लय चालवणारा तो कंडक्टर) केलेलं. त्यात 'निमरॉड' तीन मिनिटांच्या आत संपतं. दुसरं लेनर्ड बर्नस्टाइन या अमेरिकन कंडक्टरने १९८२ साली बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं. तिथे तेच सूर पाच मिनिटांच्याही पुढे जातात. एकही सूर वाढवलेला नाही!

कुठलं बरोबर हा प्रश्न आत्ताच नको. ऐकताना एवढंच विचारा : लय इतकी उतरवल्यावर काय मिळालं आणि काय गेलं? माझं मत सांगतो. बर्नस्टाइनचं ऐकताना अंगावर काटा येतो, पण ती अंत्ययात्रा आहे. ब्रिटनमध्ये हा तुकडा युद्धात गेलेल्यांच्या स्मरणदिनी आणि अंत्यविधींना वाजवायची रीत पडली, आणि मला वाटतं ती विलंबित लय तिथूनच आपल्या कानांत बसली. १८९९ साली येगर चांगला हिंडता-फिरता होता. एल्गारच्या हातात ते दोन मित्रांचं बोलणं वाटतं.

२. चेलो कॉन्चेर्टोचा नकाशा डोक्यात बसवा

तुलनेआधी रचना पाठ झालेली हवी. निदान चार वेळा एकच रेकॉर्डिंग ऐका, कुठलंही. तोवर दुसऱ्याला हात लावू नका. ही पायरी गाळली की सगळी रेकॉर्डिंग्ज सारखीच वाटतात, आणि माणूस आठवड्याभरात कंटाळतो.

थोडी पार्श्वभूमी. एल्गारने हा कॉन्चेर्टो प्रामुख्याने १९१९ साली, ससेक्समधल्या ब्रिंकवेल्स नावाच्या घरात लिहिला. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. युद्ध चालू असताना रात्री इंग्लिश खाडीपलीकडे फ्रान्समध्ये धडाडणाऱ्या तोफांचा आवाज त्या घरापर्यंत यायचा. पहिला प्रयोग २७ ऑक्टोबर १९१९ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये झाला. चेलोवर फेलिक्स साल्मंड, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रासमोर खुद्द एल्गार. प्रयोग पडला. मैफलीतले बाकीचे तुकडे बसवणाऱ्या कंडक्टरने, अल्बर्ट कोट्सने, तालमीचा बराचसा वेळ स्वतःच खाऊन टाकला होता. त्या दिवशी ऑर्केस्ट्राच्या चेलोंमध्ये जॉन बार्बिरोली नावाचा एक तरुण बसला होता. हे नाव लक्षात ठेवा.

रचनेचे भाग चार. पहिला एकट्या चेलोच्या चार भारदस्त स्वरसमूहांनी (अनेक सूर एकत्र, म्हणजे कॉर्ड) उघडतो आणि मग झोके घेत जाणाऱ्या सुरावटीत शिरतो. दुसरा न थांबता पहिल्याला जोडूनच येतो, भुंग्यासारखा वेगात गुणगुणणारा. तिसरा छोटा आणि संथ, जेमतेम साठ मात्राखंडांचा (म्हणजे बारचा, आपल्या आवर्तनासारखा छोटा तुकडा). त्यात चेलो फक्त एका खंडापुरता गप्प असतो. चौथा सगळ्यात लांब, आणि त्याच्या शेवटी मागच्या आठवणी परत येतात. मिळून साधारण २५ ते ३० मिनिटं.

३. आपण नेमकं काय ऐकतोय ते तपासा

माझी फसगत इथेच झाली, म्हणून जरा थांबून सांगतो. बहुतेक स्ट्रीमिंग अ‍ॅप्स मुळात सिनेमाच्या गाण्यांच्या हिशेबाने बांधलेली आहेत. एका अभिजात रेकॉर्डिंगची ओळख पटायला पाच गोष्टी लागतात : रचनाकार, वादक, कंडक्टर, ऑर्केस्ट्रा आणि साल. अ‍ॅप त्यातल्या दोन दाखवतं आणि तिसरी चुकीची दाखवतं.

साल तर हमखास फसवं. पडद्यावर दिसतं ते पुनर्प्रकाशनाचं वर्ष. १९६५ सालचं रेकॉर्डिंग २००४ किंवा २०११ या तारखेखाली सापडेल, आणि दहा वेगळ्या मुखपृष्ठांवर. मुखपृष्ठं दहा म्हणून रेकॉर्डिंग्ज दहा नव्हेत. मी एकदा 'दोन' रेकॉर्डिंग्जची तुलना करून वहीत पान भरलं होतं. दोन्ही एकच निघाली.

खूण पटवायचा सोपा उपाय म्हणजे चारही भागांच्या वेळा. त्या वहीत लिहा. दोन ठिकाणी चारही वेळा सेकंदा-दोन सेकंदांच्या फरकाने जुळल्या तर रेकॉर्डिंग बहुधा तेच. पंधरा-वीस सेकंदांचा फरक दिसला की संशय घ्या. टाळ्या, खोकला, खुर्चीची करकर ऐकू आली तर ते मैफलीतलं.

आणखी तीन सेटिंग्ज बघा. शफल बंद. एका ट्रॅकचा शेवट दुसऱ्यात मिसळवणारं क्रॉसफेड बंद. दोन ट्रॅकमध्ये खंड पडू न देणारं गॅपलेस चालू, नाहीतर पहिल्या भागातून दुसऱ्यात जाताना मधेच कात्री लागल्यासारखं होतं.

४. तीनच निवडा

दहा रेकॉर्डिंग्ज घेऊन बसलात तर काहीच हाती लागणार नाही. तीन पुरेत, आणि तिन्ही एकमेकांपासून लांबची हवीत. माझी यादी अशी.

पहिलं बिअ‍ॅट्रिस हॅरिसनचं, १९२८ सालचं. न्यू सिम्फनी ऑर्केस्ट्रा, कंडक्टर एल्गार स्वतः. याआधी १९१९-२० मध्ये या दोघांनी, मायक्रोफोन येण्याआधीच्या पद्धतीने, भोंग्यासमोर बसून काटछाट केलेली रचना मुद्रित केली होती, ती घेऊ नका. १९२८ चं मायक्रोफोनवरचं आणि संपूर्ण आहे. हॅरिसनबाई म्हणजे त्याच, ज्यांनी १९२४ साली सरेतल्या आपल्या बागेत चेलो वाजवला आणि बीबीसीने तो नाइटिंगेल पक्ष्यांच्या गाण्यासकट प्रक्षेपित केला.

दुसरं अर्थातच दु प्रेचं. ऑगस्ट १९६५, किंग्जवे हॉल, लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा. ती वीस वर्षांची. समोर कंडक्टर म्हणून सर जॉन बार्बिरोली, तोच पहिल्या प्रयोगात मागे बसलेला तरुण, आता पासष्टीचा. हे टाळून पुढे जाताच येत नाही, कारण यानंतरच्या प्रत्येक वादकाला याच्याशी झुंजावं लागलंय. (किंग्जवे हॉलखालून भुयारी रेल्वे जायची. तिथल्या कित्येक रेकॉर्डिंग्जमध्ये तिची घरघर पकडली गेली आहे. सापडते का बघा.)

तिसरं असं हवं की जे या दोघींपेक्षा शांत बोलेल. मी स्टीव्हन इसर्लिसचं १९८८ चं घेतो, कंडक्टर रिचर्ड हिकॉक्स. इसर्लिस प्राण्यांच्या आतड्यापासून बनवलेल्या, जुन्या पद्धतीच्या तारांवर वाजवतो. आवाज लहान, पण त्यात एक खरखरीत माणूसपण आहे. ते मिळालं नाही तर पिएर फुर्निएचं बर्लिन फिलहार्मोनिकबरोबरचं, कंडक्टर आल्फ्रेड वॉलनस्टाइन. तिथे सगळं तोललेलं, खानदानी.

ताजं काही हवंच असेल तर शेकू कॅनेमेसनने सायमन रॅटलबरोबर केलेलं २०२० चं आहे. पण ते चौथं, नंतर.

५. संपूर्ण रचना नको, जागा ऐका

सगळ्या लेखातली कामाची पायरी हीच. तिन्ही रेकॉर्डिंग्ज सलग ऐकू नका. तिसऱ्यापर्यंत पहिलं विसरलेलं असतं. आपण गाण्यात 'काय जागा घेतली!' म्हणतो ना, तशा या रचनेतल्या पाच जागा पकडा. अर्धा-एक मिनिटाची एकेक जागा तिन्हींत लागोपाठ ऐका, मग पुढच्या जागेकडे वळा.

*पहिली जागा : उघडणारे चार स्वरसमूह.* एकटा चेलो. कागदावर ते जोरात आणि उमदेपणाने वाजवा असं लिहिलंय. पण जोर म्हणजे किती? दु प्रे गज तारांत रुतवते. दार धाडकन उघडून कुणीतरी आत यावं आणि काय घडलं ते सांगायला लागावं, तसं. हॅरिसन त्याच स्वरसमूहांवरून पुढे सरकते. तिला कुठेतरी पोचायचंय. स्वरसमूहानंतरची शांतता किती लांबवली, हेही मोजा. मी घड्याळ लावून मोजतो, आणि मोजल्यावर बरेचदा माझंच आधीचं मत खोटं ठरतं.

*दुसरी जागा : व्हायोलांची सुरावट.* पहिल्या मिनिटाच्या आसपास चेलो थांबतो आणि व्हायोला एकटेच, कुठल्याही आधाराशिवाय, नऊ मात्रांच्या झोक्यावर मुख्य सुरावट सुरू करतात. मार्च १९१८ मध्ये टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर घरी आलेल्या एल्गारला सुचली ती हीच. शेवटच्या आजारपणात ती गुणगुणत त्याने एका मित्राला सांगितलं म्हणे, की मी गेल्यावर मॉल्व्हर्नच्या टेकड्यांवर कुणी ही शीळ घालताना ऐकू आलं तर घाबरू नका, तो मीच असेन. आता ऐका : झोका हलतोय की लोंबकळतोय? एल्गारच्या, म्हणजे १९२८ च्या रेकॉर्डिंगमध्ये तो नक्की हलतो. बार्बिरोलीकडे तो जड आहे, ओल्या दोरीसारखा. मला दोन्ही पटतात, पण दुसऱ्यानंतर पहिला ऐकला की पहिला दोन मिनिटं उथळ वाटतो. म्हणून इथे क्रम बदलून पुन्हा ऐका.

*तिसरी जागा : चढण.* अडीच-तीन मिनिटांच्या सुमारास चेलो एका श्वासात खालून थेट अगदी वरच्या सुरापर्यंत चढतो, आणि तिथे पोचताच सगळा ऑर्केस्ट्रा तीच सुरावट उचलून धरतो. दु प्रेच्या लौकिकातला अर्धा हिस्सा या काही सेकंदांतला आहे. इथे वादकाबरोबर कंडक्टरही ऐका. चेलो वर पोचतो त्याच क्षणी ऑर्केस्ट्रा येतो, की केसभर वाट बघतो?

*चौथी जागा : दुसऱ्या भागातले धावते सूर.* आपल्याकडे दाणेदार तानेत जे ऐकतो तेच इथे ऐकायचं. प्रत्येक दाणा सुटा आहे का? आणि सुटा असूनही हलका आहे का? वेग सगळेच दाखवतात, हलकेपणा थोडे. या जागेवर इसर्लिस मला सगळ्यांत आवडतो.

*पाचवी जागा : शेवटची दोन-तीन मिनिटं.* चौथ्या भागाची धावपळ थकते, लय उतरते, तिसऱ्या भागातला एक तुकडा स्वप्नासारखा परत येतो, मग सुरुवातीचे ते स्वरसमूह, आणि मग एकदम झटकून टाकल्यासारखा वेगवान शेवट. हा झटका प्रामाणिक वाटतो की चिकटवलेला? पहिल्या जागेतले स्वरसमूह इथे त्याच माणसाने वाजवल्यासारखे वाटतात का, की मधल्या अर्ध्या तासात तो म्हातारा झालाय? मी अजून या प्रश्नावर दर वर्षी मत बदलतो.

हे ऐकताना १९२८ च्या रेकॉर्डिंगमध्ये एक गोष्ट चटकन खटकेल, किंवा आपल्याला उलट आवडेल. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना हॅरिसन घसरत जाते. तिच्या मागचे व्हायोलिनवालेसुद्धा. हा ढिसाळपणा नव्हे. त्या काळात तसंच वाजवायची पद्धत होती, पुढे ती मागे पडली. मींड ऐकून तयार झालेल्या कानाला यात काही चुकलंय असं वाटतच नाही. पाश्चात्त्य श्रोत्याला जुन्या रेकॉर्डिंगशी जुळवून घ्यायला जो वेळ लागतो, तो आपल्याला इथे वाचतो.

६. आवाज सारखा करा, नाव झाका

माणसाच्या कानाला थोडं मोठं वाजणारं नेहमीच थोडं चांगलं वाटतं. १९२८ चं रेकॉर्डिंग हळू वाजणार आणि २०२० चं दणदणीत, मग निकाल आधीच लागला. प्रत्येक बदलाच्या वेळी आवाज हाताने जुळवा. व्हायोलांची सुरावट तिन्हींत सारख्याच जोराने ऐकू यायला हवी, हे माझं माप.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे चेलोचा आकार. एल्गारने ऑर्केस्ट्रा मुद्दाम विरळ लिहिलाय, चेलो बुडू नये म्हणून. तरी प्रत्यक्ष सभागृहात एकटा चेलो तुमच्या हेडफोनमध्ये वाजतो तेवढा मोठा कधीच वाजत नाही. ती मायक्रोफोनच्या जागेची करामत. तिचं श्रेय वादकाला देऊ नका, आणि दोषही.

आता ते सहनशील माणूस. त्याला सांगा, तिन्हींतली तिसरी जागा हव्या त्या क्रमाने लाव आणि नाव सांगू नकोस. आमच्या घरी हे काम मुलीकडे आहे. तिने एकदा मला हातोहात फसवलं. इसर्लिस दोनदा लावला, आणि मी दोन्ही वेळा वेगवेगळी मतं दिली, एकदा तर 'हे जरा भावनाशून्य आहे' असंही म्हणालो. त्या दिवसापासून मी वहीत मत पेन्सिलने लिहितो.

यूट्यूबवर ऐकत असाल तर पडदा पालथा घाला. दु प्रेचे केस, तिचं डोलणं, पुढे तिला जडलेला मल्टिपल स्क्लेरॉसिस, बेचाळिसाव्या वर्षी आलेला मृत्यू, हे सगळं डोळ्यांपुढे असताना वीस वर्षांच्या निरोगी मुलीचं वाजवणं ऐकणं अवघड जातं. १९६५ साली तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. हा कॉन्चेर्टो तिने लंडनमध्ये शेवटचा वाजवला तो फेब्रुवारी १९७३ मध्ये, आणि तेव्हा कंडक्टर होते आपल्या मुंबईचे झुबिन मेहता. १९६५ च्या सुरांत ते शोधू नका.

७. 'रचनाकाराचं म्हणजे अंतिम' हा सापळा

एल्गारने १९१४ पासून रेकॉर्डिंग केलं आणि पुढे तंत्र सुधारलं तसं मन लावून केलं. १९३१ साली लंडनच्या अ‍ॅबी रोड स्टुडिओचं उद्घाटनही त्याच्याच हातून झालं. त्यामुळे त्याची लय हा मोठा पुरावा आहे, यात शंका नाही. पण लक्षात घ्या, त्या काळी तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची. दर चार मिनिटांनी थांबायचं, नवी मेणाची तबकडी चढली की पुन्हा त्याच भावात शिरायचं. आज ते सांधे इतके बेमालूम जुळवलेले असतात की पत्ता लागत नाही. शिवाय चूक झाली तर तुकडा कापून जोडायची सोय नव्हती. म्हणून तिथे एखादा सूर निसटलेला ऐकू आला तर दंड करू नका.

मी एल्गारचं रेकॉर्डिंग मोजपट्टीसारखं वापरतो. बाकीचे किती लांब गेले हे त्यावरून कळतं. लांब गेले म्हणून चुकले, असं नव्हे.

८. पुढे काय

महिनाभराने तिन्हींतलं एक बदला. दु प्रेच्या जागी तिचंच १९७० चं, खोकल्याचं, लावून बघा. तिथे कंडक्टर तिचा नवरा डॅनियल बारेनबॉइम. मग त्याच बारेनबॉइमने अलिसा वायलरस्टाइनबरोबर केलेलं, २०१२ साली आलेलं रेकॉर्डिंग त्याच्या शेजारी ठेवा.

त्यानंतर व्हायोलिन कॉन्चेर्टो. १९३२ चं रेकॉर्डिंग, कंडक्टर पंचाहत्तरीचा एल्गार, व्हायोलिनवर सोळा वर्षांचा यहुदी मेनुहिन. त्याच्यासमोर नायजेल केनेडीचं १९८४ चं, कंडक्टर व्हर्नन हँडली. ही रचना चांगली पाऊण-एक तासाची आहे, तेव्हा नवं पान उघडा. जागा मात्र यावेळी तुम्हीच शोधा. एक सांगून ठेवतो : शेवटच्या भागात एकटं व्हायोलिन उरतं आणि मागे ऑर्केस्ट्राच्या तारा नुसत्या बोटांनी छेडल्या जातात, तिथे आवाज थोडा वाढवा.